देव्हाऱ्यावरचे ठिपके

२००१ सालची गोष्ट. नॉटिंगहॅमच्या गिअरच्या कारखान्यात जर्मनीहून माणसं आली आणि पद्माकर शीळ घालत घरी येऊ लागला. कारखाना एका जर्मन कंपनीने विकत घेतला होता. आता तो चालणार की बंद पडणार, या विचाराने सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता.

"अगं, मशिनं अशी पुसतायत, तान्ह्या बाळाला पुसावं तशी," तो बायकोला, सुचेताला सांगे. "एकेक नट तपासतात, तेल देतात, वर लाल रंगाचा ठिपका. आमच्या साहेबाने इतक्या वर्षांत फडकं मारलं नाही. जर्मन माणसाला लोखंडाची कदर असते."

तरुणपणी पिंपरीला तो जर्मन मशिनांवरच हात बसवून शिकला होता. डर्बीच्या एका कारखान्याने त्याला नोकरी देऊ केली होती आणि शुक्रवारपर्यंत उत्तर मागितलं होतं. चोपन्नाव्या वर्षी नोकरी अशी चालून येत नाही, हे दोघांनाही कळत होतं. तरी आता तो नाही म्हणणार होता.

गुरुवारी त्याने जर्मनांच्या प्रमुखाला, फोग्टला, जेवायला आणलं. उंच, पिकल्या केसांचा, मितभाषी माणूस. दाराशी बूट काढून त्याने ते भिंतीशी सरळ रेषेत ठेवले. वरणभात जेवला, पानात शीत उरू दिलं नाही.

"कशी आहेत आमची मशिनं?" पद्माकरने विचारलं.

"अजून वीस वर्षं चालतील."

ऐकलंस ना, अशा नजरेने पद्माकरने सुचेताकडे पाहिलं.

निघताना फोग्ट देव्हाऱ्यापाशी थबकला. सासूबाईंचा शिसवी देव्हारा, एक खिळा नाही, नुसते खाचांत बसवलेले तुकडे. तो वाकून सांधे न्याहाळू लागला. प्रत्येक सांध्याच्या दोन्ही अंगांना पुसट लाल ठिपके होते.

"हे कशाला?"

"कुंकवाचे आहेत," सुचेता म्हणाली. "पुणं सोडताना देव्हारा सुटा करून पेटीत भरला. इकडे होता तसा उभा राहावा, म्हणून खुणा केल्या."

फोग्टने हात मागे घेतला. मग जाईपर्यंत त्याने तिच्या नजरेला नजर दिली नाही. बुटाच्या नाड्या बांधायला त्याला फार वेळ लागला.

दार लागलं तशी ती म्हणाली, "अहो, उद्या डर्बीला हो म्हणा."

"का बरं?"

"घरात ठेवायच्या वस्तूला कोणी ठिपके देत नाही. न्यायच्या वस्तूला देतात."

पद्माकर हसला. "तू देव्हारा सांभाळ. मशिनांचं माझ्याकडे राहू दे."

नाताळाच्या आधी मशिनं जर्मनीला, फोग्टच्या गावच्या कारखान्यात गेली. तेलकट कागदात गुंडाळलेला एकेक भाग पेटीत गेला आणि कारखान्याला कुलूप लागलं.

पद्माकर पुढे सुपरमार्केटच्या आवारात ट्रॉल्या गोळा करायचा. २००७च्या थंडीत तो गेला. जर्मनांना त्याने कधी नावं ठेवली नाहीत. "नेली, पण नीट नेली," एवढंच म्हणायचा.

फोग्ट दर नाताळाला कार्ड पाठवी. एका वर्षी त्याने लिहिलं, त्याच्या गावातूनही ती मशिनं हलवली. सुटी करायचं काम त्यालाच दिलं, आणि ते संपल्यावर त्यालाही घरी बसवलं. मशिनं पुण्याजवळ चाकणला गेली होती. तिथे त्यांच्यावर पद्माकरचा पुतण्या, नंदू, कामाला लागला.

२००९ साली नंदूचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

"काकू, मंदीच्या भीतीने दुसरी नोकरी बघून ठेवली होती. आता नाही म्हणून टाकतो. जर्मनीहून माणसं आलीत. मशिनं काय निगुतीने पुसतायत म्हणून सांगू. काकांची फार आठवण आली."

सुचेताने देव्हाऱ्याकडे पाहिलं.

"नंदू," ती म्हणाली, "नटांवर ठिपके देतायत का रे?"