समोरच्याची बाजू

कॉलेजच्या सभेत अध्यक्षांनी घंटा वाजवली तेव्हा प्राध्यापक ज्ञानदेव भालेराव अजून स्वतःच्याच विरोधात बोलत होते.

"सर, दहा मिनिटं झाली," अध्यक्ष म्हणाले. "आपण ठरावाला विरोध करायला उभे राहिला होता ना?"

"हो. तो आता सुरू करणार होतो."

टेबलाभोवती हसू फुटलं. ठराव अगदी साधा होता. आशियाई धर्म आणि तौलनिक तत्त्वज्ञान हा विभाग जूनपासून बंद करायचा आणि त्याच्या तीन खोल्या कॉलेजच्या संगणक विभागाला द्यायच्या. हा विभाग ज्ञानदेवांनी एकतीस वर्षांपूर्वी एक टेबल आणि दोन कपाटं एवढ्या भांडवलावर उभा केला होता. त्याच्यासाठी परदेशातली नोकरी नाकारली. पाली, फारसी, तिबेटी ग्रंथ मिळतील तिथून जमवले. बौद्धांचं शून्य आणि सूफींचं फना, म्हणजे ईश्वरात विरून जाणं, एकाच फळ्यावर शेजारी शेजारी लिहून शिकवलं. आता नव्व्याण्णव साल उजाडलं होतं आणि विभागात विद्यार्थी उरले होते तीन. त्यांतले एक बँकेतून निवृत्त झालेले.

तो विभाग वाचवायला मिळालेली दहाच्या दहा मिनिटं या गृहस्थांनी समोरच्याची बाजू मांडण्यात घालवली!

पण ती त्यांची जन्माची खोड होती. वादाची जुनी रीत अशी, की आधी प्रतिपक्षाचं म्हणणं मांडायचं, तेही असं, की तो म्हणाला पाहिजे, 'मला स्वतःला इतकं नीट सांगता आलं नसतं.' खंडन त्यानंतर. प्रतिपक्षाला मूर्ख ठरवून जिंकू पाहणाऱ्याला ज्ञानदेव वर्गाबाहेर काढत. आणि उत्तर सापडलं नाही तर तसं सरळ कबूल करावं, असंही बजावत. हे बजावणं सोपं होतं. एकतीस वर्षांत ती वेळ त्यांच्यावर आलीच नव्हती.

ठरावाची बाजू नीट मांडता यावी म्हणून गेले पंधरा दिवस ते संगणक विभागात जाऊन बसत होते. जे पाहिलं ते त्यांनी सभेला सांगितलं. एकशे ऐंशी मुलं आणि एकच प्रयोगशाळा. कात्रजच्याही पलीकडून पहिल्या बसने येणाऱ्या मुली आपली पाळी येईपर्यंत जिन्यात बसून राहतात. त्यांतली एक कारखान्यातल्या कामगाराची मुलगी. तिने वहीच्या पानावर कळफलक काढून घेतला होता आणि त्या कागदावर ती बोटं चालवत होती. "मी तिच्या शेजारी पायरीवर अर्धा तास बसलो," ज्ञानदेव म्हणाले, तेवढ्यात घंटा वाजली.

"सरांना माझी दहा मिनिटं द्या," समोरून रुपाली वानखडे म्हणाली.

ठराव तिनेच मांडला होता. अकरा वर्षांपूर्वी ती अकोल्याहून पुण्याला ज्ञानदेवांकडे एम.ए. करायला आली. पहिल्या वर्गात पास झाली आणि दोन वर्षं नोकरीशिवाय घरी बसली. मग संगणकाचा डिप्लोमा केला. आज ती त्या विभागाची प्रमुख होती.

"नको. तुझी तू घे," ज्ञानदेव म्हणाले आणि खाली बसले. खंडनाची चार पानं त्यांच्या खिशातच राहिली. म्हातारा रुसला, असं सगळ्यांना वाटलं.

"म्हणजे विरोधात कोणीच बोललेलं नाही," अध्यक्ष म्हणाले. "मॅडम, थोडक्यात आटपा."

"विरोधातलं राहिलं असेल, तर आधी ते मी मांडते."

रुपालीने हातात कागद घेतला नाही. "अकोल्याहून आले तेव्हा आमच्या घरात चालतो तो धर्म आणि शेजारी चालतो तो खुळेपणा, अशी माझी पक्की समजूत होती. सरांनी मला सहा महिने अशा मताच्या बाजूने लिहायला लावलं, ज्याची मला चीड होती. मी रडले होते. आज माझ्या विभागातल्या मुलाला मी सांगते, तुझा प्रोग्रॅम चुकलाय. तो दुरुस्त करतो. पण आपण स्वतः चुकत असू, ही शंका त्याला यायला हवी, ते शिकवणारी खोली या कॉलेजात एकच आहे. संगणक पुढच्या वर्षीही आणता येतील. ही खोली एकदा मोडली की कोणाच्या बापाला पुन्हा उभी करता येणार नाही."

ज्ञानदेवांचा हात खिशातल्या पानांकडे गेला. त्यांच्या चार पानांत यातलं एक वाक्यही नव्हतं. त्यांत सगळे संदर्भच होते.

पुन्हा घंटा झाली. "मॅडम, हे सगळं तुमच्याच ठरावाच्या विरोधात झालं," अध्यक्ष म्हणाले. "याला तुमचं उत्तर असेलच."

रुपालीने समोरची फाइल उघडली, एक पान वाचलं आणि मिटली.

"होतं," ती म्हणाली आणि बसली.

"दोघांनी खुर्च्या बदलून घ्या, म्हणजे आमचा गोंधळ तरी होणार नाही," नारायण पेठेतले एक सभासद पुटपुटले. या वेळी कोणी हसलं नाही.

अध्यक्षांनी मतं मागितली. ठरावाच्या बाजूने टेबलाभोवती एकेक हात वर होत गेला. नऊ झाले. मग सगळ्यांत शेवटी, जड वजन उचलावं तसा, ज्ञानदेवांनी आपला हात वर केला. ठरावाला त्यांच्याकडे चार पानं उत्तर होतं. कागदावर बोटं चालवणाऱ्या त्या मुलीला एका ओळीचंही नव्हतं.

अध्यक्षांनी हात दोनदा मोजले. दहा. सभासद अकरा.

"विरोधात?" सवयीने त्यांनी शून्य लिहायला पेन टेकवलं आणि ते थांबले.

रुपालीचा हात वर होता.