तो गेली

"तो गेली," इनायतुल्ला म्हणाला आणि फोन कटला.

खुशालराव रिसिव्हर कानाला धरून तसेच उभे राहिले. आधीचं निम्मं बोलणं खरखरीत गेलं होतं. कळलं ते एवढंच, की बाळापूरच्या अलीकडे ट्रकने मोटरसायकलला उडवलं आणि पोरांना अकोल्याच्या दवाखान्यात आणलं आहे. नितेश गाडी चालवत होता. प्रणाली मागे बसली होती. दोघं भाऊबहीण चुलतबहिणीच्या साखरपुड्यासाठी सकाळीच अमरावतीहून निघाली होती.

त्यांनी इनायतुल्लाच्या मोबाईलवर उलट फोन लावला. लागला नाही.

"काहून असे उभे राहिले? कोनाचा फोन होता?" गोदाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"मुलांना अपघात झालाय. लागलंय थोडं. चल."

गोदाबाईंनी गॅस बंद केला आणि पायात चपला घातल्या. स्टँडवर अकोल्याची गाडी उभीच होती.

खिडकीपाशी गोदाबाई बसल्या. त्यांनी पदराचं टोक दातात धरलं होतं. खुशालराव शेजारी बसले आणि मनातल्या मनात तेच दोन शब्द उलटेपालटे करू लागले.

तो गेली.

त्यांचा सगळा जन्म मराठी शिकवण्यात गेला होता. पाटीवर 'शुद्ध' हा शब्दच अशुद्ध लिहिलेला दिसला, की ते दुकानात शिरून मालकाला सांगायचे. लग्नाच्या पत्रिका लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवायचे. घरात 'मले' आणि 'तुले' म्हणायची मुलांना बंदी होती. बायको मात्र ऐकत नसे. लोक त्यांना पाहून रस्ता बदलत. इनायतुल्ला तेवढा बदलत नसे. बाळापूरला त्याचं पंप दुरुस्तीचं दुकान होतं आणि दोघांची दोस्ती लहानपणापासूनची.

"बसा मास्तर, पानी प्या," बायको घरात नसताना खुशालराव आले, की तो म्हणायचा. " नसीमबानो शेजारी गेली हाय. तो आली की चहा करते."

"पाणी. आणि ती. ती आली की."

"पानी म्हटलं तरी तहान भागतेच ना," इनायतुल्ला हसायचा. पुढच्या वाक्यात पुन्हा तेच.

आज त्या चुकीवर सगळं टांगलं होतं. 'तो' खरं असेल तर नितेश. 'गेली' खरं असेल तर प्रणाली. गेली म्हणजे काय, हे त्यांनी स्वतःला विचारलंही नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या त्या वर्षांत वऱ्हाडात कुणी 'गेला' म्हटलं, की माणसं पुढे फक्त 'कधी' एवढंच विचारत.

बडनेरा मागे पडलं. खुशालरावांनी वर्गात करायचे तसा विचार केला. उर्दूत पुरुषालाही 'वो' आणि बाईलाही 'वो'. म्हणून इनायतुल्ला सगळ्यांनाच 'तो' म्हणतो. पण 'गया' आणि 'गयी' त्यांच्यातही वेगळं असतं. त्याचं क्रियापद कधी चुकत नाही.

म्हणजे प्रणाली.

छातीवरचा दगड किंचित सरकला. आपल्याला काय वाटलं, हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते नखशिखांत गार पडले. त्यांनी चोरून बायकोकडे पाहिलं.

"तुमी काही लपवून तर नाही राहिले ना माझ्यापासून?" गोदाबाईंनी विचारलं.

"नाही."

पण घाबरलेल्या माणसाचं क्रियापदही चुकू शकतं. मग? मग नितेश.

मूर्तिजापूरला गाडी थांबली. ते जवळजवळ पळतच फोनच्या बूथवर गेले. या वेळी बेल वाजली. कुणीतरी फोन उचलला. मागे दवाखान्यातला गलका ऐकू येत होता.

"इनायतुल्ला, मी बोलतोय. सांग, प्रणालीच ना? गेली ती प्रणालीच ना?"

पलीकडून उत्तर आलं नाही.

"नितेश वाचला, एवढं म्हण. तू चुकीचं बोललास तरी चालेल. फक्त नितेश वाचला, एवढं म्हण."

पलीकडचा श्वास ऐकू येत होता. मग फोन बंद झाला. इनायतुल्ला रडतोय, त्यांना वाटलं. म्हणजे आपलं बरोबर आहे.

"काय म्हने?" गोदाबाईंनी विचारलं.

"लागत नाही फोन."

अकोल्याला ऑटो दवाखान्याच्या फाटकाशी थांबला. व्हरांड्यात, हात गळ्यात बांधलेली प्रणाली उभी होती. गोदाबाईंनी धावत जाऊन तिला कुशीत घेतलं.

खुशालराव जागीच थिजले. ही इथे आहे, मग...

"नितेश?" त्यांनी विचारलं.

"दादा आत आहे," प्रणाली आईच्या खांद्यावरून म्हणाली. "पायाला प्लास्टर घातलंय. बोलतोय चांगला."

ते पायरीवर बसले. हुंदका आवरेना. तेवढ्यात इनायतुल्ला हातात चहाचे कप घेऊन आला आणि त्यांना पाहून गडबडला.

"रडता काहून मास्तर? मी तर तवाच फोनवर सांगतलं ना, पोरं बचावली. गाडी तो गेली, कबाडात टाका लागते."

गाडी तो गेली. हिंदीतला साधा 'तो', मराठीतला 'तर'. खुशालरावांना रडता रडता हसू आलं. त्यांनी दोस्ताचा हात घट्ट धरला आणि जन्मात पहिल्यांदाच त्याचं वाक्य दुरुस्त केलं नाही.

"मला 'गाडी' ऐकूच आलं नाही रे. रस्ताभर जीव टांगणीला लागला होता."

"रस्ताभर?" इनायतुल्लाने कप पायरीवर ठेवला. "मी नितेशले घेऊन एक्स-रे काढाले गेलो तवा मोबाईल प्रणालीपाशीच होता. मधात तुमचा फोन आला म्हने. तिनं सांगतलं नाही काय तुमाले, दोघं बी ठीक हाय म्हनून?"