तिण्णैवरचं तुर्की गाणं

ऐंशीच्या घरात आलेल्या माणसाला थोडी तरी लाज असावी. गोपालकृष्ण रोज दुपारी कुंभकोणमच्या घरी रस्त्याकडच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, बसून तेच एक तुर्की गाणं लावायचा आणि टिपं गाळायचा. येणारेजाणारे वळून बघायचे.

गाणं फोनमध्ये घालून दिलं होतं नातीनं, हरिणीनं. त्रिपुरसुंदरीनं तिला फैलावर घेतलं.

"अर्थ काय गं त्याचा?"

"जुनं लोकगीत आहे, आजी. एकजण डोंगरापलीकडे आहे, दुसरं वाट बघतंय. एवढंच."

"एवढंच पुरे झालं."

चाळीस वर्षांपूर्वी नवरा तुर्कस्तानात धरणाच्या कामावर होता. तीन वर्षं. तिथली घरमालकीण कणीक मळताना हे गाणं म्हणायची, असं परत आल्यावर त्यानंच एकदा सांगितलं. तेव्हा हिनं काही विचारलं नाही. दोन पोरं, सासू, दारात गाय. विचारायला सवड कुणाला होती?

आता तर म्हातारा सदरा चढवून पिशवीही भरून ठेवायचा. कॉफीचा टंबलर पुढे केला की हात जोडायचा. "उपकार झाले, बाई." बायकोला बाई. थट्टेलाही काही सुमार असतो.

शुक्रवारी ती त्याच्या शेजारी जाऊन बसली. इतकी वर्षं हा माणूस मनानं कुणाच्या घरात राहिला, एवढं तिला मरायच्या आधी कळायला हवं होतं.

"कुणासाठी रडता?"

"आहे एक."

"दिसायला बरी?"

"बरी." तो हसला. "जीभ मात्र विळीची धार. पत्रातसुद्धा ओरडते."

"पत्रं लिहिते वाटतं."

"दुसरीपर्यंतच शिकलेली. मराठी बोलणं तमिळ अक्षरांत लिहिते, तेही वाकडं. पण एक आठवडा चुकवत नाही."



त्यानं पिशवी मांडीवर घेतली. "तुमच्या घरात मला काही कमी पडलं नाही, बाई. पण आता मला जाऊ द्या. तिकडे कुंभकोणमला त्रिपुरसुंदरी एकटी आहे."

तिनं पदरानं त्याचे डोळे पुसले. लग्नाला चोपन्न वर्षं झाली होती, आणि नवऱ्याचं नाव तिनं एकदाही तोंडातून काढलं नव्हतं.

"तू वेडा आहेस, गोपालकृष्णा," ती म्हणाली. "असल्या बायकोला इतकं ताटकळत ठेवतात का? ऊठ, मी पोचवते तुला."