मिरचीच्या पथारीवरची शिंक

वंतीला शिंक आली आणि मिरची वाळत घातलेल्या पथारीवरचे सगळे मजूर हातातलं काम टाकून मागे सरकले.

“तापाची शिंक!” मुकादम हिलाल ओरडला. “मारा तिला, नाहीतर आपण सगळे मरू!”

लहानपणीच औषधाचे थेंब घालून नाकातली नस कायमची झोपवलेली माणसं होती ती. धूळ असो की परागकण, त्यांना शिंक येत नसे. यायची ती फक्त त्या झोपलेल्या नसेलाही जागं करणाऱ्या नव्या जीवघेण्या तापात. वंतीच्या डोंगरातल्या पाड्यावर मात्र ते थेंब कधी पोचलेच नव्हते.

पहिल्या दांडक्यानं तिचा खांदा मोडला, दुसऱ्यानं कपाळ फुटलं. ती लाल ढिगावर कोसळली आणि पुन्हा शिंकली.

सत्तरीची गोजरबाई धावत येऊन तिच्या अंगावर आडवी पडली. “थांबा रे मुडद्यांनो! ताप नाही तिला. मिरचीनं शिंक येतेच! माझ्या लहानपणी इथं सगळेच शिंकायचे.”

हिलालनं मूठभर मिरची चुरून नाकाशी धरली. खोल श्वास घेतला. पुन्हा घेतला. काहीच झालं नाही.

“म्हातारी खोटं बोलते,” तो म्हणाला आणि त्यानं दांडकं उचललं.