आच वाढवली

संग्रामला पोहे आवडले, बंगळूरची ही बनशंकरी वस्ती आवडली, बाल्कनीतल्या कुंड्यासुद्धा आवडल्या. सिद्धी वैतागली. पाहुणे बेळगावची गाडी पकडायला उठायच्या आत तिला लग्नाला हो की नाही ते सांगायचं होतं, आणि समोर बसला होता नुसता होयबा. शेजारी त्याची मावशी प्रत्येक उत्तराला मान डोलवत होती, म्हणजे पढवणारी कोण हे उघडच होतं.

पढवलेलं माणूस सिद्धी लांबून ओळखायची. तिलाही आईनं सकाळीच बजावलं होतं, साडी नेस, हळू बोल, सोफ्याच्या कडेला नीट बस. ती बसली होती.

संग्रामनं तिच्या कामाबद्दल विचारलं. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ती प्लास्टिकचे पत्रे तपासायची. तिनं सांगितलं, पत्रा न तापवता दाबून वाकवला की दिसतो छान, पण आतून अवघडलेला असतो. मंद आचेवर बराच वेळ ठेवला तर तो ताण निवतो. आच वाढवली, की गडी सगळं विसरून पुन्हा सपाट.

"छान," संग्राम म्हणाला.

आता आच वाढवण्यावाचून इलाज नव्हता. बेळगावच्या माणसाला तापवायला फार काही लागत नाही. तुमचा तो कुंदा म्हणजे शेवटी करपलेला पेढाच ना, असं तिनं गोड आवाजात विचारलं.

मावशीनं डोळे मिटून घेतले.

"ओ, कुंद्याला नावं ठेवायचं काम नाही," संग्राम उसळला. मग दूध किती वेळ आटवावं लागतं, ढवळून हात कसे भरून येतात, हे त्यानं हातवारे करून ऐकवलं आणि जाता जाता पुण्याच्या बाकरवडीला कोरडा भुगा म्हणून मोकळा झाला. मूळच्या पुणेकर सिद्धीनं बाकरवडीचा अपमान ऐकून घेणं शक्यच नव्हतं. दोघांची अशी जुंपली की शेजारच्या कावेरीअक्का दारातून डोकावून गेल्या.

मनातून मात्र सिद्धी खूश होती. हा भांडखोर, खरा माणूस तिला आवडला होता.

"झालात की नाही सपाट?" ती जिंकल्याच्या थाटात म्हणाली. "मावशींनी न तापवताच वाकवलं होतं तुम्हाला."

संग्रामनं तिच्याकडे नीट पाहिलं आणि तो हसला.

"भट्टी एकच होती की ओ. तुम्ही मघापासून पदर खोचून, सोफ्यावर मांडी घालून बसलाय."