मनमाडचे मामा

“या रविवारी खानावळ नको. तुझ्या खोलीवर मटण करू,” धोंडीराम म्हणाला.

सहादू मिसळीत पाव बुडवत होता. त्याचा हात तिथेच थांबला.

दोन वर्षं दोघे रविवारी बाहेर जेवत होते. सहादू पाटबंधारे खात्यात कारकून, धोंडीराम एसटीच्या डेपोत. शालिमारजवळच्या खानावळीत एकाच बाकावर बसून ओळख झाली आणि वाढत गेली. सकाळी मिसळ, दुपारी कुठेतरी मटणाचं ताट, संध्याकाळी गोदाकाठी, गंगेवर भेळ. गावाकडचं, नात्यागोत्याचं कोणी कोणाला विचारत नसे. सहादूला ते बरं वाटे.

“श्रावण लागायच्या आधीचा शेवटचा रविवार आहे,” धोंडीराम म्हणाला. “मटण, मसाला मी आणतो. माझे सावळीराममामा पण येतायत मनमाडहून. रेल्वेत आहेत. त्यांना तुला भेटायचंय.”

“मला कशाला?”

“असंच. तू कळवणचा ना? खास कळवणचा, की जवळच्या खेड्यातला?”

“खेड्यातला.”

“कोणत्या?”

सहादूने गावाचं नाव सांगितलं आणि लगेच चहा मागवला.

नाशकात आला तेव्हा पहिल्या दोन ठिकाणी त्याने आपण बौद्ध असल्याचं सांगितलं होतं. दोन्ही खोल्या ऐन वेळी दुसऱ्याला दिलेल्या निघाल्या. तिसऱ्या ठिकाणी, पंचवटीत, घरमालकीण विमलाबाईंनी विचारलं, “पवार म्हणजे आपल्यातलेच ना?” तो हो म्हणाला. भिंतीवर खंडोबाचं कॅलेंडर लावलं. आई गावाहून आली की तिला स्टँडवरच भेटायचा, वर्षातून एकदा पांडवलेण्यावर नेऊन आणायचा, एरवी हॉटेलात जेवू घालून परतीच्या गाडीत बसवायचा.

अठ्ठ्याहत्तर सालचा जुलै संपत आला होता. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि तिकडे बौद्धांच्या वस्त्या पेटल्याच्या बातम्या येऊ लागल्या. शनिवारी विमलाबाई ओट्यावर पेपर वाचत बसल्या होत्या. सहादू समोरून जाताना म्हणाल्या, “खोली देताना माणूस पारखूनच द्यावी, नाही का हो?”

“हो ना,” सहादू म्हणाला.

रविवारी दहाच्या सुमारास दोघे आले. मामा साठीकडे झुकलेले, स्वच्छ धोतर, डोक्याला काळी टोपी. ते स्टुलावर बसले आणि खोली बघू लागले. कॅलेंडरवर त्यांची नजर जरा जास्तच थांबली.

“वडील काय करतात?” त्यांनी विचारलं.

“वारले.”

“आई?”

“गावी असते.”

“तिला इकडं नाय आणत?”

“तिला करमत नाही इथं.”

“हां,” मामा म्हणाले.

धोंडीराम खाली मान घालून कांदे चिरत होता. सहादूने स्टोव्हला पंप मारला. विमलाबाईंच्या पाट्यावर त्याने भाजलेलं खोबरं वाटलं, पण पाठीवर मामांची नजर आहे असं त्याला सारखं वाटत होतं. कोणीतरी काहीतरी सांगितलं असणार. हा माणूस खात्री करायला आलाय. जाताना विमलाबाईंच्या कानावर घालील, आणि आज रात्रीच ट्रंक रस्त्यावर येईल.

रस्सा उकळू लागला. धोंडीरामने चमच्याने हातावर घेऊन चाखला आणि मीठ टाकलं. एरवी त्याने यावर दहा विनोद केले असते.

ताटं वाढली तोवर विमलाबाई भाकरी घेऊन आल्या. “पाहुणे आलेत म्हटलं,” म्हणाल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

“पाहुणे कुठले?” त्यांनी विचारलं.

“मनमाडचे,” मामा म्हणाले. भाकरी मोडून त्यांनी दोन घास खाल्ले. मग सहादूकडे बघत सावकाश म्हणाले, “मराठवाड्यात लय वाईट चाललंय. घरं जाळतायत. तुम्हाला काय वाटतं, पवार?”

विमलाबाई हलल्या नाहीत.

सहादूच्या डोळ्यांपुढे आईचं गवती झापाचं घर आलं. तो पाणी प्यायला.

“जास्तच चढून बसलेत ते लोक,” तो म्हणाला. दारापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. “नाव म्हणे विद्यापीठाला. त्यांना त्यांची जागा दाखवायलाच पाहिजे होती.”

विमलाबाईंनी मान डोलावली. “आणखी भाकरी लागली तर हाक मारा,” म्हणून त्या गेल्या.

धोंडीरामचा हात ताटातच राहिला होता. मामांनी उरलेली भाकरी रश्शात कुस्करली आणि शेवटच्या घासापर्यंत ताट संपवलं. हात धुतले.

“स्वयंपाक चांगला झाला,” ते म्हणाले.

सहादूला सुटल्यासारखं वाटलं. त्यांना पोचवायला तो कोपऱ्यापर्यंत गेला. उन्हात रस्ता मोकळा होता.

“मामांनी तुला कशासाठी पाहिलं, माहीत आहे?” धोंडीराम थांबून म्हणाला. “माझ्या बहिणीसाठी. मैना. डीएड झालीय. मीच म्हटलं होतं, पोरगा दोन वर्षं बघतोय, सोन्यासारखा आहे.”

सहादूच्या मनात आलं, आता जातीबाहेरची मुलगी नाकारायची, तीही कारण न सांगता. “मला जमणार नाही, धोंडीराम,” तो म्हणाला.

“नाहीच जमणार. बुद्धपौर्णिमेला पांडवलेण्यावर तुझ्यासारखा एक जण पाहिला होता, म्हाताऱ्या आईला हाताला धरून चढवत होता. मला वाटलं, तूच.”

“चल, धोंडीराम,” मामा म्हणाले. “पोरगा चांगला हाय, पण आपल्यातला नाय.” मग त्यांनी टोपी नीट केली आणि सहादूपुढे हात जोडले. “येतो, पवार. जयभीम.”