लांब बाह्या

डॉक्टरांनी बाहेर येऊन "गेल्या" एवढंच सांगितलं, तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते. शिंप्याच्या बायकोच्या डोक्यात रक्तस्राव झाला होता. शिंपी बाकावरून उठलाही नाही.

बहिणीला बघून बाहेर आलेला मेहुणा मात्र थेट त्याच्या अंगावर आला. "दंड बघितलेत तिचे? काळेनिळे पडलेत. माझी बायको सांगत होती, तेव्हा मीच तिला गप्प केलं. दाजी, माणूस आहात की कोण?"

"ते गोळीमुळे आहे," डॉक्टर मध्ये पडले. "हृदयात झडप बसवली होती ना? तिच्यावर गुठळी धरू नये म्हणून ही गोळी रक्त चटकन गोठू देत नाही. प्रमाण जास्त झालं, की दाराचा कोपरा लागला तरी कातडीखाली रक्त साकळतं. डाग दिसले असते तर गोळी कमी केली असती. दर महिन्याला रक्त तपासायचं होतं. तीन महिने आल्या का नाहीत?"

"रक्त द्यायचं तर बाही वर करावी लागते," शिंपी म्हणाला. "आणि रक्त काढणारी वहिनींची मैत्रीण."

मेहुण्याची बायको खाली बघू लागली.

"वहिनी, तुम्ही तिला चारचौघींत विचारलंत, नवरा हात उचलतो का म्हणून. हसत हसत. ती घरी आली ती रडतच. त्याच दिवशी मी मनगटापर्यंत बाह्यांची चार ब्लाऊज शिवायला घेतली. तुमचं तोंड धरण्यापेक्षा तिचे हात झाकणं मला सोपं वाटलं."

"मी काळजीनेच विचारलं होतं."

"मग मला विचारायचं."

दुपारी घरी, तिला आंघोळ घालायच्या आधी, वहिनीने कपाटातून त्यातलंच एक ब्लाऊज काढलं. शिंप्याने ते हिसकावून घेतलं. मशीनवरची कात्री उचलली. एरवी टाकासुद्धा जपून उसवणारा माणूस, त्याने खांद्यापाशी बाही कराकरा कापली.

"अहो, अख्खी गल्ली दारात उभी आहे. हात उघडे दिसतील. लोक काय म्हणतील?" वहिनी म्हणाली.

"बघू देत. विचारू देत. एकेकाला सांगतो."

मेहुण्याने त्याचं मनगट धरलं. आवाज आता खाली आला होता. "दाजी, पुरे. बाहेर सगळे खोळंबलेत."

वहिनीने ब्लाऊज त्याच्या हातातून सोडवून घेतलं, घडी घालून बाजूला ठेवलं आणि कपाटातून दुसरं काढलं. तेही लांब बाह्यांचंच होतं.

त्या ब्लाऊजच्या बाह्या कापायच्या राहिल्या.